एकच रिडिम, पंधरा गळे: रिडिम अल्बम ऐकायचा कसा आणि लावायचा कसा

जमैकाच्या रेगे संगीतात बास-ढोलाच्या तयार साथीला रिडिम म्हणतात, आणि एकाच रिडिमवर वेगवेगळ्या गायकांनी गायलेली गाणी एकत्र केली की झाला रिडिम अल्बम. तो पहिल्यांदा लावला की साधारण तिसऱ्या गाण्यापाशी माणूस फोन हातात घेतो. गाणं रिपीटवर तर पडलं नाही ना? पडलेलं नसतं. गायक बदललेला असतो, शब्द वेगळे असतात, चालही वेगळी असते. खालचा बास आणि ढोल मात्र तोच, जसाच्या तसा. पुढची बारा-पंधरा गाणी तो तसाच राहणार असतो. माझ्या भाच्याने तर चौथ्या गाण्याला हेडफोन काढून ठेवले. “मावशी, पैसे वाचवले यांनी. एकदाच वाजवलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं.”

बोलला ते अगदी बरोबर होतं. जमैकात हा प्रकार वाढला तो त्याच हिशेबाने. स्टुडिओचं भाडं आणि वादकांचे पैसे एकदाच द्यायचे, आणि त्या एका रेकॉर्डिंगवर जितके गळे चढतील तितके चढवायचे. आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक’ असं छापलेलं असायचं. तिथे चाल उसनी आणि शब्द नवे. रिडिमवर साथ उसनी, आणि चाल नि शब्द दोन्ही ज्याचे त्याने आणायचे.

मी नाटकांचं पार्श्वसंगीत ऑपरेट करते. माझं पोट एन्ट्रीवर चालतं. कुठल्या वाक्याच्या कुठल्या अक्षरावर फेडर (आवाजाची पट्टी) वर जाणार, हे क्यू-शीटवर लिहून ठेवायचं आणि प्रयोगाला तिथेच हात हलवायचा. म्हणून असेल, पण रिडिम अल्बम मला इतर कुठल्याही संगीतापेक्षा लवकर आवडला. जमीन हलत नाही, त्यामुळे तिच्यावर कोण कसं चालतं ते स्वच्छ दिसतं. भाच्याला डोंबिवलीत मित्राच्या गच्चीवर तासभर सलग गाणी लावायची होती. त्याला जे शिकवलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक रिडिम निवडा, आणि तोच धरून ठेवा

अल्बम शेकड्यांनी आहेत. सुरुवातीला तीन पुरेत, आणि त्यातही एका वेळी एकच.

जुन्यातला घ्यायचा तर स्टालाग. १९७३ साली निर्माता विन्स्टन रायलीने ॲन्सेल कॉलिन्स या ऑर्गनवादकाकडून ‘स्टालाग १७’ हा शब्दांविना तुकडा वाजवून घेतला. नाव त्याच शीर्षकाच्या हॉलिवूडपटावरून. रायलीने पुढे हीच टेप पुनःपुन्हा वापरली. १९८२ मध्ये तिच्यावर सिस्टर नॅन्सीने ‘बॅम बॅम’ म्हटलं, १९८५ मध्ये टेनॉर सॉने ‘रिंग द अलार्म’. पहिलं ऐका आणि लगेच दुसरं ऐका. नॅन्सी बोलल्यासारखी गाते, दमदार आणि मोकळी, कुणाची परवानगी न मागता. टेनॉर सॉचा आवाज पातळ, किंचित कातर, स्वराच्या कडेकडेने जाणारा. खाली तेच सात-आठ स्वर फिरत असतात, पण पहिल्यात ते ऐटीत चालतात आणि दुसऱ्यात त्यातून धोक्याची घंटा ऐकू येते. नॅन्सी नंतर अमेरिकेत जाऊन न्यू जर्सीत बँकेत हिशेबाचं काम करत होती, आणि तिचं गाणं इकडे सिनेमा-जाहिरातींतून जगभर फिरत होतं. गाण्याचे पैसे तिच्यापर्यंत पोचायला तीसहून अधिक वर्षं लागली. रिडिमचा हिशेब निर्मात्याला सोयीचा असतो म्हणतात तो असा.

दुसरा स्लेंग टेंग, १९८५. हा निवडायचं कारण म्हणजे यात माणसाने वाजवलेला ढोल नाही आणि बास गिटारही नाही. नोएल डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांच्या हाती कॅसिओचा एमटी-४० हा छोटा कीबोर्ड होता. त्यातला ‘रॉक’ नावाचा तयार ठेका घेऊन ते किंग जॅमी या निर्मात्याकडे गेले. जॅमीने तो संथ केला आणि त्यावर वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ रेकॉर्ड झालं. २३ फेब्रुवारी १९८५ ला किंग्स्टनमधल्या वॉल्टहॅम पार्क रोडवर ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टिमशी (मोठे स्पीकर, तबकड्या आणि माइकवाले घेऊन गाणी वाजवणारी मंडळी) जॅमीची जुगलबंदी होती. तिथे हे वाजलं, आणि त्यानंतर जमैकातल्या स्टुडिओंनी वादक बोलवायच्या जागी यंत्रं आणायला सुरुवात केली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच. तो ‘रॉक’ ठेका कॅसिओत नव्याने लागलेल्या ओकुडा हिरोको या तरुणीने बनवला होता, आणि संगीत महाविद्यालयात तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. म्हणजे जमैकाचं जपानला गेलं, तिथून एका बटणात बसून जमैकात परत आलं. जॅमीने याच रिडिमवर टेनॉर सॉचं ‘पम्पकिन बेली’, जॉनी ऑस्बर्नचं ‘बडी बाय’, जॉन वेनचं ‘कॉल द पोलीस’ अशी एकामागून एक गाणी काढली आणि त्यांचा अल्बमही त्याच वर्षी आणला.

तिसरा दिवाली रिडिम. नावावर जाऊ नका, त्यात सनई-चौघडा नाही. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन या कीबोर्डवादकाने केलेला हा रिडिम २००२ चा, त्याचा अल्बम लंडनच्या ग्रीनस्लीव्हज या कंपनीने काढला, आणि २००३ मध्ये त्यावरची तीन गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत वर चढली. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ पहिल्या क्रमांकावर, ल्युमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’ तिसऱ्या, वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ अकराव्या. तुमचं वय पस्तिशीपुढे असेल तर यातलं एखादं तरी तुम्ही कुणाच्या हळदीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलेलंच आहे. म्हणून मी नवख्याला इथूनच सुरू करायला सांगते. ओळखीचं गाणं हातात असलं की पायरी सापडते.

ऑनलाइन शोधताना गायकाच्या नावाने शोधू नका, रिडिमच्या नावाने शोधा, पुढे ‘रिडिम’ शब्द जोडून. कलाकाराच्या जागी ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ असेल. एकाच रिडिमची दोन-दोन नावं असतात, आणि जुना रिडिम नव्याने वाजवून काढलेला असतो तोही त्याच नावाने फिरतो. त्यामुळे बास जुळतो का ते कानाने बघा, कव्हरवर विश्वास ठेवू नका.

बास ऐकू येईल अशी सोय करा

फोनच्या स्पीकरवर रिडिम अल्बम ऐकणं म्हणजे अल्बम न ऐकणं. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. फोनचा स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाही. जे ऐकू येतं ते वरचं ‘चिक-चिक’ आणि गायक. मग सगळी गाणी एकसारखी आणि पोकळ वाटतात, आणि लोक म्हणतात रेगे कंटाळवाणं.

महागडं काही नको. कान झाकणारे तारवाले साधे हेडफोन चालतील. प्लेअरमधलं ‘बास बूस्ट’ बंद करा, कारण ते बास वाढवत नाही, फुगवतं. स्वर कळेनासा होतो आणि नुसती धमधम उरते. आपल्याला बासची चाल गुणगुणता आली पाहिजे, छाती हलली पाहिजे असं नाही.

मोठे स्पीकर असतील तर जागा बदलून ऐका. ५० हर्ट्झची लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. त्यामुळे दिवाणखान्यात सोफ्यावर बास गायब आणि दारापाशी दणदणीत असं सहज होतं. नाट्यगृहातही माझ्या टेबलापाशी जे ऐकू येतं ते पाचव्या रांगेत येत नाही, म्हणून तालमीला मी एकदा सगळीकडे फिरून येते. खरा अंगाने ऐकायचा बास हवा असेल तर गोव्यात गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरतो, तिथे हाताने बांधलेल्या साउंड सिस्टिमसमोर उभं राहा. तिथे मग वर्णन करून सांगावं लागत नाही.

व्हर्जनपासून सुरुवात

बहुतेक रिडिम अल्बमांच्या शेवटी गायकाशिवायचं नुसतं वाद्यांचं व्हर्जन असतं. लोक ते उरलंसुरलं समजून सोडून देतात. तुम्ही ते आधी लावा.

यामागे एक गोष्ट सांगतात. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनमध्ये रुडी रेडवुड नावाचा साउंड सिस्टिमवाला होता. ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकांच्या गटाच्या ‘ऑन द बीच’ची त्याच्यासाठी तबकडी कापली जात होती, आणि इंजिनिअरकडून गायकांचा आवाज चालू करायचा राहिला. रुडीने ती तशीच नेली, आधी गाण्यासकट वाजवली आणि मग ही बिनआवाजाची. अख्खी गर्दी स्वतः गायला लागली. त्यानंतर सिंगलच्या (एका गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूला व्हर्जन छापायची रीतच पडली. यू-रॉयसारख्या माइकवर बोलणाऱ्यांना १९७० पासून घरबसल्या साथ मिळाली, आणि १९७४ मध्ये रुपी एडवर्ड्सने ‘यामाहा स्कँक’ काढला. सगळा अल्बम एकाच रिडिमवर, ‘माय कन्व्हर्सेशन’ या जुन्या गाण्याच्या साथीवर. असा पहिला अल्बम म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

तर व्हर्जन लावा आणि चार मात्रा मोजा. जुन्या संथ रेगेत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा ‘चक्’ येईल. ढोलाचा मुख्य ठोका तिसरीवर. पहिल्या मात्रेवर ढोल गप्प. आपला कान पहिलीवर वजन शोधतो आणि तिथे काहीच नसतं, म्हणून सुरुवातीला पाय चुकतो. चुकू द्या. थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेतच डोकं खाली जायला लागतं. दिवालीत मोजणी वेगळी. तिथे वेग मिनिटाला साधारण १०० ठोक्यांचा आणि टाळ्या तुम्हाला वाटतात त्याच्या जरा अलीकडे-पलीकडे पडतात. तोंडाने टाळ्या म्हणून बघा, हाताने नको. हात लगेच सरळ ठेक्यात घुसतात.

बास गुणगुणता यायला लागला की पुढे चला. त्याआधी नको. भाच्याला घाई होती. त्याला म्हटलं, आधी भांडी घासताना म्हण, मग लॅपटॉप उघड.

एन्ट्रीचा कागद

इथे खरी मजा आहे. एक कोरा कागद घ्या, आडवा धरा, आणि प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ लिहा. गायक साथ सुरू झाल्यावर किती वेळाने येतो, एकटाच आधी येतो का, गातो की म्हणतो की दोन्ही, विषय काय, साथ कुठे अचानक काढून घेतली आहे, आणि कुठल्या जागेला तुम्हाला स्वतःला काहीतरी झालं. शेवटच्या रकान्यात खोटं लिहू नका. काहीच झालं नसेल तर आडवी रेघ मारा.

गळ्यांचे ढोबळ तीन प्रकार. गाणारे गायक, लांब स्वरांचे. माइकवर तालात म्हणणारे ते डीजे (जमैकात डीजे म्हणजे बोलणारा, तबकड्या लावणारा तो सिलेक्टर). आणि दोन्ही मिसळणारे ते सिंगजे. चांगल्या रिडिम अल्बमात तिन्ही असतात, आणि निर्मात्याची अक्कल त्या मिश्रणातच कळते.

दिवालीचा माझा कागद असा. वेन वंडर लांब, गुळगुळीत ओळी घेतो. टाळ्या खाली तडतडत असताना तो वरून शांतपणे तरंगतो, जणू त्या त्याच्या गाण्यातल्या नाहीतच. प्रेमाचं साधं गाणं आहे, पण त्या तडतडीमुळे ते मिळमिळीत होत नाही. शॉन पॉल याच्या बरोबर उलट. तो दोन-तीन स्वरांच्या पलीकडे फारसा जात नाही. टाळ्यांच्या मधल्या फटी शोधून तिथे अक्षरं ठोकतो. मुलींची नावं घेऊन एकेकीला नाचायला बोलावतो ती जागा पुन्हा ऐका. नावांमधली अक्षरंच ताशासारखी वापरली आहेत. त्यामुळे ढोल वाढवलेला नसूनही हे गाणं दुप्पट वेगाचं वाटतं. मी मोजून पाहिलं तर दोन्हींचा वेग तोच. फरक सगळा गळ्याचा.

मग बाउंटी किलरचं ‘सफरर’. घोगरा, खडा आवाज आणि विषय गरिबीचा. पार्टीच्या ठेक्यावर हा माणूस भोगलेलं सांगतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं चुकीच्या जागी आला. पण तीच ती टाळी आता नाचाची राहत नाही, कुणीतरी दार ठोठावतंय तशी यायला लागते. एलिफंट मॅन ओरडतो, हुकूम सोडतो, दम घेत नाही. माझ्या कागदावर त्याच्यापुढे नुसतं ‘गर्दी असेल तरच’ लिहिलंय. आणि ल्युमिडी. न्यूयॉर्कची पोरगी, आवाज काठावरचा, काही जागी स्वर सरळ खाली येतो. गाण्याच्या परीक्षेत तिला कुणी पास केलं नसतं. पण तिच्या गाण्यात साथ जवळजवळ सगळी काढून घेतली आहे, टाळ्या आणि ढोल उरलेत, त्यामुळे तो कच्चा आवाज कानाशी येऊन बसतो. सफाईदार गायिका असती तर ते गाणं मेलं असतं, हे माझं स्पष्ट मत.

एवढं झालं की भाच्याची तक्रार आपोआप मिटते. त्याने स्वतःचा कागद केला, आणि वेन वंडरपुढे रेघ मारली. “मावशी, फार गोड आहे.” त्याचं वय चोवीस, मी वाद घातला नाही.

गाळा, निर्दयपणे

सलग ऐकण्यासाठी रिडिम अल्बम केलेला नसतो. ती गाणी आधी सुटी सिंगल म्हणून येतात, नंतर गोळा करून एकत्र बांधतात, सिलेक्टरला एकाच ठिकाणी सगळं मिळावं म्हणून. २००० नंतर लंडनच्या ग्रीनस्लीव्हजने आणि न्यूयॉर्कच्या व्हीपी रेकॉर्ड्सने अशा मालिकाच चालवल्या. त्यात वीसेक गाण्यांपैकी चार-पाच अव्वल, तितकीच बरी, बाकी भरती. भरतीची गाणी ओळखायची खूण सोपी आहे: गायक साथीच्या वरच बसून राहतो, सगळ्यांनी घेतलेल्याच जागी तोही श्वास घेतो, आणि त्याच्या गाण्याचं मधलं मिनिट दुसऱ्याच्या गाण्यात चिकटवलं तरी कुणाला कळणार नाही. अशांना कागदावर काट मारा. नाव मोठं असलं तरी मारा.

शब्दही तपासा. जमैकाची पात्वा भाषा कानाला चटकन लागत नाही म्हणून आपण बिनधास्त लावतो, आणि डान्सहॉलमध्ये (रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीतात) अश्लील, बंदुकीचं, समलिंगी लोकांविरुद्ध विखारी असं पुष्कळ आहे. गच्चीवर कुणाची आजी बसलेली असो वा नसो, आपण काय वाजवतोय हे आपल्याला माहीत हवं. ओळी छापील स्वरूपात शोधून एकदा वाचा. मी दोन चांगली गाणी यासाठीच काढून टाकली आणि मला त्यांची आठवणही येत नाही.

लावायची कशी

एकाच रिडिमवरची गाणी एकाला एक जोडून लावणं याला जगलिंग म्हणतात. गाणं पूर्ण वाजवायचं नसतं. पहिलं कडवं, ध्रुवपद, फार तर दुसरं ध्रुवपद, की पुढचा गळा आत. एकेकाला मिनिट-दीड मिनिट. खालची साथ न थांबता चालू राहते आणि वर माणसं बदलत जातात. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की सगळे एकाच स्टेजवर उभे आहेत आणि माइक हातोहात फिरतोय.

फुकट मिळणारं डीजेइंगचं कुठलंही सॉफ्टवेअर आणि एक हेडफोन एवढ्यावर हे जमतं. दोन गाणी दोन डेकवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोन प्लेअरवर. पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकायचं, त्याची पहिली मात्रा पकडून तिथे क्यू (सुरुवातीची खूण) लावायचा, आणि चालू गाण्यात चार किंवा आठ आवर्तनं पुरी होतात त्या वळणावर सोडायचं. मधेच सोडलं तर ठेका जुळूनही वाक्य तुटतं. एकाच मूळ रेकॉर्डिंगवरची गाणी असतील तर वेग जवळपास जुळलेलाच असतो. स्टालागसारख्या, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वेळी काढलेल्या रिडिमवर मात्र वेग पुढे-मागे असतो. तिथे किंचित खेचावं लागतं. सॉफ्टवेअरचं आपोआप जुळवणारं बटण जुन्या, हाताने वाजवलेल्या साथीवर गोंधळतं, कारण माणूस वाजवताना श्वास घेतो. तिथे कानच वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बहुतेक नवे लोक करत नाहीत. दोन्ही गाण्यांत बास तोच आहे. दोन्ही एकदम चालू राहिले तर बास दुप्पट होईल असं वाटतं. होतं उलटच. ५० हर्ट्झचा स्वर दुसऱ्या डेकवर नुसता १० मिलिसेकंद मागे असला, तर एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ऐन जोडाच्या क्षणी खालची जमीनच निघून जाते. १० मिलिसेकंद इतकं कमी असतं की हाताने ते कुणालाच साधत नाही. म्हणून येणाऱ्या गाण्याचा ‘लो’चा, म्हणजे बास कमी-जास्त करायचा खटका आधीच पूर्ण खाली ठेवा, फक्त गळा आणि वरचं आत घ्या. वळण आलं की एका हाताने जुन्याचा लो खाली, दुसऱ्या हाताने नव्याचा वर, एकाच झटक्यात. हळूहळू नको, मधल्या प्रत्येक क्षणी दोघं भांडतील. हा एक हात बसला की निम्मं काम झालं. भाच्याकडून मी हे गाण्याशिवाय करून घेतलं, दोन्ही डेकवर एकच व्हर्जन लावून. जोड कुठे झाला ते मला डोळे मिटून सांगता येईना, तेव्हा त्याला गाणी दिली.

क्रम लावताना सगळ्यात प्रसिद्ध गाणं आधी लावू नका. दिवालीत मी वेन वंडरने सुरुवात करते, लोक बसलेले असतात तेव्हा तो त्यांना उठवत नाही पण मान हलवायला लावतो. मग एखादा डीजे, म्हणजे ठेक्यावर लक्ष जातं. मग बाउंटी किलर, फक्त कडवं. ‘गेट बिझी’ त्यानंतर, आणि त्याच्या पहिल्याच आरोळीला गर्दी ओरडली तर गाणं थांबवा, मागे न्या, पुन्हा पहिल्यापासून सोडा. याला पुल-अप म्हणतात आणि जमैकात तो मान आहे. पण गर्दीने मागितला तरच. न मागता केलेला पुल-अप म्हणजे पहिल्या हशाला टाळी पडली म्हणून नटाने तेच वाक्य पुन्हा म्हणणं. ल्युमिडी मी शेवटाकडे ठेवते, कारण तिच्यात साथ पातळ आहे. तिथून बाहेर पडायला वाट मिळते.

एका रिडिमला दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. त्यापुढे ऐकणारा थकतो आणि सांगतही नाही, गच्चीच्या कठड्याकडे जाऊन गप्पा मारायला लागतो. तासाभरात पाच-सहा रिडिम बसवा.

रिडिम बदलताना जोडायचा प्रयत्न करू नका. दिवालीच्या १०० ठोक्यांवरून स्टालागच्या संथ चालीवर गुळगुळीत जाता येत नाही, आणि जाऊही नये. सगळं बंद करा. एक श्वास शांतता ठेवा, माइक असेल तर दोन शब्द बोला, आणि मग नव्या रिडिमचं असं गाणं सोडा ज्यात साथीच्या आधी गळा येतो किंवा पहिल्याच ठोक्याला ओळख पटते. ‘बॅम बॅम’ या कामाला उत्तम.

कार्यक्रम घरचा असेल तर प्रश्न नाही. हॉल, हॉटेल, तिकीट लावलेली जागा असेल तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात. जागेच्या मालकाने घेतलेत का ते आधी विचारा, त्या रात्री नको. आणि रात्री दहानंतर गच्चीवरचा बास खालच्या मजल्यावर जातो, वरचं काही जात नाही. खालच्या काकूंना गाणं ऐकूच येत नाही, फक्त भिंत वाजते. दहाला ‘लो’चे खटके अर्ध्यावर आणा, स्पीकर जमिनीवरून उचलून जाड गादीवर ठेवा, आणि उरलेल्या वेळात गाणारे गायक लावा, म्हणणारे नकोत.